दारू, गोळी, जागरण आणि लहान विमान : उड्डाणाआधी मांडायचा हिशेब

लहान विमानात चूक सावरून घ्यायला दुसरे कोणी नसते. प्रवासी विमानात शेजारी दुसरा वैमानिक असतो, ऑटोपायलट असतो, मागे डिस्पॅचची, म्हणजे जमिनीवरून उड्डाणाची आखणी करणारी, माणसे असतात. सेस्ना १५२ किंवा १७२ घेऊन सोलो सॉर्टीला (एकट्याने करायच्या उड्डाणाला) निघालेल्या विद्यार्थ्याजवळ फक्त त्याचे डोळे, त्याचे कान आणि त्याचा अंदाज असतो. दारू, झोपेची गुंगी, सर्दीची गोळी किंवा रात्रभराचे जागरण यांपैकी काहीही अंगात असले की या तिघांत सगळ्यात आधी अंदाज जातो. हात थरथरणे आणि बोबडी वळणे हे खूप नंतरचे. म्हणूनच ‘मला बरे वाटतेय, मी उडवू शकतो’ या वाटण्याला काही किंमत नाही. ज्या मेंदूने तपासायचे, तोच बिघडलेला असतो.

त्यामुळे निर्णय वाटण्यावर नको, घड्याळावर आणि आकड्यांवर हवा, आणि तोही आदल्या दिवशीच. पुण्याहून बारामतीला उड्डाण शिकायला जाणारी मुले-मुली, खासगी परवान्यावर वीकेंडला उडणारे हौशी लोक, हडपसरच्या ग्लायडिंग सेंटरचे ग्लायडरवाले, कामशेतला पॅराग्लायडिंग करणारे, या सगळ्यांसाठी हा हिशेब पायरी पायरीने मांडला आहे.

बेसवरून फायनलला वळताना काय घडते

धोका कुठे आहे हे डोळ्यांसमोर असले की नियम पाळायला जड जात नाही. सर्किटमधले, म्हणजे धावपट्टीभोवतीच्या चौकोनी फेऱ्यातले, एकच वळण जवळून पाहू : धावपट्टीला काटकोनातल्या ‘बेस’ बाजूवरून धावपट्टीच्या रेषेतल्या शेवटच्या ‘फायनल’ बाजूला.

बारामतीची धावपट्टी समुद्रसपाटीपासून सुमारे दोन हजार फुटांवर आहे, म्हणजे हजार फुटांचे सर्किट उडताना अल्टिमीटर तीन हजारांच्या आसपास दाखवतो. बेसवरून फायनलला वळताना विमान जमिनीपासून साधारण पाचशे फुटांवर असते. बेसवर मागून वारा आहे आणि वैमानिकाला वळायला दोन सेकंद उशीर झाला, एवढेच धरा. फायनलला ६५ नॉट म्हणजे सेकंदाला जवळजवळ ३३ मीटर. बेसवर वेग याहून थोडा जास्तच असतो, वर मागचा वारा. दोन सेकंदांत विमान सत्तर-ऐंशी मीटर पुढे जाते आणि धावपट्टीची रेघ ओलांडली जाते.

शुद्धीत असलेला वैमानिक इथे गो-अराउंड करतो, म्हणजे उतरणे सोडून पुन्हा वर चढतो. ज्याचा अंदाज मंदावला आहे तो वळण घट्ट करतो. बँक (विमानाचा कडेला कल) वाढवायची भीती वाटते, म्हणून आतल्या बाजूचा रडर (शेपटीवरचे सुकाणू) दाबून नाक धावपट्टीकडे ओढतो. बँक वाढू लागली की एलेरॉन (पंखांवरची कल देणारी पट्टी) उलटा देतो. नाक खाली झुकले की योक (हातातले चाक) मागे खेचतो. विमान आता तिरके घसरत वळते आहे, वेग पडतो आहे आणि आतला पंख आधी स्टॉल होतो, म्हणजे त्याची उचल तुटते. ३० अंश बँकमध्ये स्टॉलचा वेग ७ टक्क्यांनी वाढतो, ४५ अंशांत १९ टक्क्यांनी, ६० अंशांत ४१ टक्क्यांनी. पुढे स्पिन, म्हणजे गिरक्या घेत खाली कोसळणे. सेस्नाच्या पुस्तिकेत एका फेऱ्याचा स्पिन आणि त्यातून सावरणे यासाठी हजार फूट उंची धरायला सांगितली आहे. इथे हातात पाचशे आहेत.

या साखळीत मोठी चूक एकही नाही. दोन सेकंदांचा उशीर, नको तितका रडर, स्टॉल वॉर्निंगचा भोंगा ऐकूनही अर्धा क्षण न कळणे. रक्तात थोडा अल्कोहोल असला की नेमक्या याच गोष्टी बिघडतात : एकाच वेळी दोन-तीन कामांवर लक्ष ठेवणे आणि ठरवलेली गोष्ट वेळेत सोडून देणे.

कानातली गोष्ट, जी दुसऱ्या दिवशीही संपत नाही

तोल सांभाळणाऱ्या आतल्या कानात अर्धवर्तुळाकार नलिका असतात. त्यांत द्रव असतो आणि त्या द्रवात क्युप्युला नावाचा जेलीसारखा पडदा असतो. एरवी दोन्हींची घनता सारखी असते, म्हणून पडद्याला फक्त डोके फिरल्याचे कळते, गुरुत्वाकर्षण कळत नाही. अल्कोहोल पाण्याहून हलका आहे आणि तो पडद्यात आधी शिरतो, द्रवात नंतर. पडदा हलका होऊन तरंगू पाहतो. आडवे झाल्यावर खोली फिरते ती यामुळेच.

आता महत्त्वाचे. नशा उतरतानाही अल्कोहोल पडद्यातून आधी बाहेर पडतो, द्रवातून नंतर. म्हणजे काही तासांनी पडदा उलट जड होतो आणि चक्कर दुसऱ्या दिशेने सुरू होते. हा दुसरा टप्पा रक्तातला अल्कोहोल शून्यावर आल्यावरही बराच वेळ टिकतो. ब्रेथ ॲनालायझर (श्वासातला अल्कोहोल मोजणारे मशीन) ०.००० दाखवत असतो आणि कान अजून खोटे सांगत असतो. अशा कानाने वळणात मान खाली घालून चेकलिस्ट किंवा नकाशा पाहिला की विमान फिरल्याचा खोटा भास सहज होतो.

उजेडात, क्षितिज दिसत असताना डोळे हा भास दुरुस्त करतात. कऱ्हेकाठचे हिवाळी धुके किंवा सह्याद्रीवरचे पावसाळी ढग आले की तो आधार जातो. १९५४ साली अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठात इन्स्ट्रुमेंट उड्डाण (फक्त उपकरणे पाहून उडवणे) न शिकलेल्या वीस जणांना क्षितिज न दिसेल अशा स्थितीत उडवायला लावले होते. विमानावरचा ताबा जायला सरासरी १७८ सेकंद लागले. हे सगळे शुद्धीत होते.

पेगचा हिशेब

भारतात एअरक्राफ्ट रूल्स १९३७ मधला नियम २४ सांगतो की उड्डाणाआधीच्या १२ तासांत वैमानिकाने मद्य, गुंगी आणणारी किंवा उत्तेजक औषधे घेतलेली नसावीत. अमेरिकेत ही मुदत ८ तास आहे आणि रक्तातल्या अल्कोहोलची मर्यादा ०.०४ टक्के. इंटरनेटवर वाचून ‘आठ तास पुरतात’ असे म्हणणारे बरेच भेटतात. इथे तो आकडा चालत नाही. इथे १२ तासही हवेत आणि शिवाय मशीनवर शून्यही हवे. दोन्ही अटी स्वतंत्र आहेत.

बारा तास कधी पुरतात आणि कधी नाहीत, हे असे मोजा.

पेयातला अल्कोहोल ग्रॅममध्ये काढायचा असेल तर मिलिलिटर गुणिले टक्के भागिले शंभर, आणि त्याला ०.७९ ने गुणा. आपल्याकडची व्हिस्की, रम बहुधा ४२.८ टक्क्यांची असते. ६० मिलीचा लार्ज पेग म्हणजे जवळपास २० ग्रॅम. १८० मिलीची क्वार्टर ६१ ग्रॅम. ६५० मिलीची साधी पाच टक्क्यांची बिअर २६ ग्रॅम, आठ टक्क्यांची स्ट्राँग ४१ ग्रॅम. १५० मिली वाइन १५ ग्रॅम. ‘मी फक्त बिअर घेतली’ म्हणणाऱ्याने एका स्ट्राँग बाटलीत दोन लार्ज पेग घेतलेले असतात.

यकृत तासाला साधारण ७ ते १० ग्रॅम अल्कोहोल जाळते. माणसागणिक फरक पडतो, म्हणून हिशेबाला ७ धरा. मोजायला सुरुवात शेवटच्या घोटापासून करा. यात थोडा वेळ जास्त धरला जातो, आणि तो धरायलाच हवा.

समजा शनिवारी रात्री पाच लार्ज पेग झाले, शेवटचा साडेअकराला. शंभर ग्रॅम भागिले सात म्हणजे साडेचौदा तास. अल्कोहोल संपायला रविवारचे दुपारचे दोन वाजतील. नियमाचे बारा तास साडेअकरालाच पुरे झाले, पण हिशेबाने तेव्हाही अंगात १७-१८ ग्रॅम, म्हणजे जवळजवळ एक लार्ज पेग शिल्लक आहे. सकाळी साडेसहाच्या सॉर्टीला तर निम्म्याहून जास्त दारू रक्तात असेल, आणि माणूस अंघोळ करून, चहा पिऊन ताजातवाना दिसत असेल.

उतारा म्हणून लिंबूपाणी, ताक, काळी कॉफी, थंड पाण्याची अंघोळ, व्यायाम असे सगळे सांगितले जाते. यातल्या कशानेही यकृताचा वेग वाढत नाही. कॉफीने झोप उडते आणि नशेतला माणूस जागा राहतो, एवढेच. हे जास्त वाईट, कारण जागेपणामुळे खात्री वाढते.

आमचा आग्रह असा : एखाद-दुसरा पेग झाला असेल तर शेवटच्या घोटापासून २४ तास, बैठक मोठी झाली असेल तर ४८ तास विमानाला हात लावायचा नाही. गटारीची अमावस्या आणि ३१ डिसेंबर या दोन तारखा कॅलेंडरवर आधीच खुणा करून ठेवा आणि दुसऱ्या दिवशीची सॉर्टी मागूच नका. मित्रांसमोर ऐनवेळी नाही म्हणणे जड जाते. आठवडाभर आधी सॉर्टी न लावणे सोपे असते.

‘उंचीवर एकाचे दोन होतात’ असे म्हणतात, ते शब्दशः खरे नाही. उंची गाठल्याने रक्तातला अल्कोहोल वाढत नाही. पण अल्कोहोलमुळे पेशींना आहे तो ऑक्सिजन नीट वापरता येत नाही, आणि उंचीवर मुळातच ऑक्सिजन कमी पोचतो. दोन्ही तोटे एकाच मेंदूवर पडतात. रात्रीची दृष्टी तर पाच हजार फुटांपासूनच मंदावू लागते, आणि सिंहगडाचा माथाच सुमारे ४,३०० फुटांवर आहे. पश्चिमेला सह्याद्री ओलांडणारी क्रॉस-कंट्री (दूरच्या पल्ल्याची सॉर्टी) यापेक्षा बरीच वरून जाते. सिगारेट ओढणाऱ्याच्या रक्तातल्या हिमोग्लोबिनचा काही भाग कार्बन मोनॉक्साइडने आधीच अडवलेला असतो, म्हणून त्याला हा त्रास इतरांहून लवकर होतो.

बाटलीवर ‘दारू’ लिहिलेले नसते तेव्हा

घरातल्या औषधांच्या कप्प्यात अल्कोहोल असतो, हे अनेकांच्या गावी नसते. द्राक्षासव, दशमूलारिष्ट, अशोकारिष्ट ही आसव-अरिष्टे आंबवून केली जातात आणि त्यांत आपोआप तयार झालेला अल्कोहोल असतो. लेबलवर तो टक्क्यांत छापलेला असतो. पाच ते दहा टक्के म्हणजे साध्या बिअरइतका किंवा जास्त. मात्रा दोन-चार चमचे असते, म्हणून नशा येत नाही, पण मशीन पकडू शकते. होमिओपॅथीचे मदर टिंक्चर अल्कोहोलमध्येच असते. काही खोकल्याची औषधे आणि काही माउथवॉशही तसेच.

डीजीसीएने (भारताच्या नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने) २०२३ मध्ये नियमांत स्पष्ट लिहिले की अल्कोहोल असलेले औषध, माउथवॉश किंवा टूथ जेल वैमानिकाने वापरू नये, कारण त्याने मशीनवर पॉझिटिव्ह येऊ शकते, आणि असे औषध चालू असेल तर आधी डॉक्टरांशी बोलायचे. ‘आजीने काढा दिला होता’ हे खरे असले तरी कागदावर उपयोगाचे नाही. घरच्यांना एकदा बसून सांगा. आई किंवा आजी प्रेमाने देते तेव्हा ‘उडायच्या आठवड्यात आसव नको, आले-तुळशीचा साधा काढा दे’ एवढे म्हटले की त्या समजून घेतात.

गोळ्या : सगळ्यात जास्त फसगत इथे होते

दारू पिऊन उडणारे तसे थोडे. गोळी घेऊन उडणारे कितीतरी, आणि त्यांना आपण काही चुकीचे करतोय असे वाटतही नाही. अमेरिकेच्या वाहतूक सुरक्षा मंडळाने २०१४ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. १९९० ते २०१२ या काळात अपघातात मरण पावलेल्या ६,६७७ वैमानिकांच्या तपासण्या त्यात होत्या. गुंगी आणू शकणाऱ्या औषधांत सगळ्यात जास्त वेळा सापडले ते गांजा, अफू नव्हे, तर सर्दी-ॲलर्जीवरचे साधे अँटीहिस्टामिन.

पुण्याच्या पावसाळ्यात सर्दी झाली की मेडिकलवाला जी गोळी देतो तिच्यात बहुधा तीन गोष्टी असतात : पॅरासिटामॉल, फिनाइलेफ्रिन आणि क्लोरफेनिरामिन. तिसरे नाव शोधा. स्ट्रिपच्या मागे बारीक अक्षरांत असते, मोबाइलने फोटो काढून मोठे करून वाचा. क्लोरफेनिरामिन अंगातून निम्मे जायलाच वीस-एक तास घेते. फेनिरामिन, डायफेनहायड्रामिन, प्रोमेथाझिन ही त्याचीच भावंडे. रात्री घेतलेल्या गोळीची पेंग सकाळी गेल्यासारखी वाटते, पण प्रतिक्रियेचा वेग परत आलेला नसतो.

किती थांबायचे यासाठी एक ढोबळ पण चांगला नियम आहे. गोळी दर किती तासांनी घ्यायची असते त्याच्या पाचपट थांबा. सहा तासांनी एक असेल तर शेवटच्या गोळीनंतर तीस तास. औषध अंगात किती टिकते हे माहीत असेल तर निम्मे व्हायला लागणाऱ्या वेळेच्या पाचपट धरा, आणि दोन्हींत जो आकडा मोठा तो घ्या. अमेरिकी हवाई प्रशासन डायफेनहायड्रामिनसाठी ६० तास सांगते. क्लोरफेनिरामिनसाठी याच हिशेबाने चार-पाच दिवस होतात. सर्दीची एक गोळी आणि पाच दिवस? हो. तेवढ्या दिवसांत सर्दीही जाते.

सेटिरिझिन आणि लेव्होसेटिरिझिन ‘झोप न आणणारी’ म्हणून दिली जातात, पण अनेकांना त्यांनी चांगलीच पेंग येते. फेक्सोफेनाडिन आणि लोराटाडिन ही त्यातल्या त्यात सुरक्षित मानली जातात. तीही पहिल्यांदा घेताना ४८ तास जमिनीवरच राहून आपल्याला कशी मानवतात ते पाहायचे, आणि मग विमान वैद्यक परीक्षकाला विचारूनच उडायचे.

नव्या विद्यार्थ्यांसाठी एक वेगळी सूचना. पहिल्या दहा-पंधरा तासांत अनेकांना विमानात मळमळते. लाजेपायी कोणी सांगत नाही आणि घाटात बस लागू नये म्हणून घ्यायची गोळी खिशात ठेवून येतो. ती गोळी बहुधा प्रोमेथाझिन किंवा तिच्याच जातीची असते. स्टॉल शिकायच्या सॉर्टीला हे औषध घेऊन बसणे म्हणजे शिकण्याचे पैसे वाया आणि जीव टांगणीला. इन्स्ट्रक्टरला सांगा. सॉर्टी अर्ध्या तासाची करता येते, नजर बाहेर क्षितिजावर ठेवता येते, हवेची खिडकी तोंडाकडे वळवता येते, कंट्रोल स्वतःच्या हातात घेतला की मळमळ बरीच कमी होते. सकाळी सातच्या आत हवा शांत असते तेव्हाच्या सॉर्टी मागा. थोड्या सॉर्टींत बहुतेकांचे अंग सरावते.

पोटात मुरडा आला की घेतली जाणारी डायसायक्लोमिनची गोळी नजर धूसर करू शकते. ट्रामाडॉल आणि कोडीन असलेली वेदनाशामके व खोकल्याची औषधे वर्ज्य. अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम या झोपेच्या वा चिंतेच्या गोळ्या तर वर्ज्य आहेतच, शिवाय त्या बेंझोडायझेपिन गटात येतात आणि डीजीसीएच्या तपासणीत पकडल्या जातात. ३१ जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या या तपासणीत ॲम्फेटामिन, ओपिएट, गांजा, कोकेन, बार्बिट्युरेट आणि बेंझोडायझेपिन यांसाठी लघवीची चाचणी होते, आणि उड्डाण प्रशिक्षण संस्थांना विद्यार्थ्याला प्रवेश देतानाच ती करावी लागते. डॉक्टरांनी खरोखर गरज म्हणून अशी गोळी दिली असेल तर ती बंद करून उडायला जाऊ नका. उपचार पुरे करा, वैद्यक परीक्षकाला सांगा, उड्डाण थांबवा. मानसिक आजाराचा उपचार लपवल्याने धोका दुप्पट होतो.

भांगेविषयी दोन वाक्ये. होळीला, महाशिवरात्रीला थंडाईतून घेतलेली भांग म्हणजे गांजाच्याच झाडाचा पाला. १९९१ मध्ये सिम्युलेटरवर झालेल्या एका प्रयोगात गांजा ओढल्यावर २४ तासांनीही नऊपैकी सात वैमानिकांच्या उडवण्यात बिघाड दिसला, आणि आपण बिघडलो आहोत हे त्यांतल्या एकालाच जाणवले. शिवाय तिचे अंश लघवीत कित्येक दिवस सापडतात. शिकाऊ असो वा परवानाधारक, वैमानिकाने भांग घेऊच नये.

जागरण

सलग १७ तास जागे राहिलेल्या माणसाची कामगिरी रक्तात ०.०५ टक्के अल्कोहोल असलेल्या माणसासारखी होते, २४ तासांनंतर ती ०.१० टक्क्यांच्या घरात जाते. हे मोजून पाहिलेले आहे, आणि यासाठी ब्रेथ ॲनालायझर नाही.

पुण्यातल्या विद्यार्थ्याचा दिवस पाहा. बारामतीत सकाळी साडेसहाला रिपोर्टिंग. हडपसरहून निघून सोलापूर रस्त्याने पाटस आणि तिथून आत वळायचे, म्हणजे पहाटे चारला गाडी सुरू. उठायचे सव्वातीनला. रात्री अकराला झोपला असेल तर सव्वाचार तास झोप. त्यात पहाटे दोन ते सहा हा शरीराचा सगळ्यात सुस्त काळ, आणि त्याच काळात दोन तास ड्रायव्हिंग. विमानात बसण्याआधीच तो थकलेला आहे. उपाय एकच : आदल्या रात्री बारामतीतच मुक्काम, किंवा त्या दिवशी दुपारची सॉर्टी. पहाटे गाडी चालवत जाऊन उडणे आणि दुपारी परत चालवत येणे हे आठवड्यातून तीनदा जमवणारे असतात. त्यांच्या आई-वडिलांनीही यात लक्ष घालावे.

ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये ढोल-ताशाचा सराव. संध्याकाळी नदीकाठी तीन तास कानाशी ताशा वाजतो, रात्री कानात शिट्टी वाजत राहते आणि सकाळी हेडसेटमध्ये टॉवरचे शब्द अर्धवट ऐकू येतात. सॉर्टीच्या आदल्या दिवशी सराव नको, आणि एरवीही कानात इअरप्लग घालून वाजवा. विसर्जनाची मिरवणूक तर दुसऱ्या दिवसापर्यंत चालते. विसर्जनानंतर दोन पूर्ण रात्रींची झोप झाल्याशिवाय उडू नका. एका रात्रीत ती भरून निघत नाही.

कॉफीचा एक कप घेतला तर परिणाम वीस-तीस मिनिटांनी दिसतो. तो झोपेला पर्याय नाही, पण झोप झालेली असताना दुपारची सुस्ती घालवायला ठीक.

उपास, ऊन, सर्दी, धूर

निर्जळी उपास आणि उड्डाण एकाच दिवशी नको. हरतालिकेचा उपास करणाऱ्या मुलींनी ती सॉर्टी दुसऱ्या दिवशी ठेवावी. एप्रिल-मेमध्ये उन्हात उभ्या विमानाची काच तापून केबिनची भट्टी होते. तासाला अर्धा लिटर पाणी, आणि रिकाम्या पोटी नाही, पोहे-उपमा असे हलके खाऊन.

सर्दीत कानाला दडे बसलेले असतील तर गोळी न घेताही उडायचे नाही. नाक दाबून, तोंड मिटून हळूच फुंकल्यावर दोन्ही कान ‘फट्’ करून मोकळे होतात का ते जमिनीवरच पाहा. झाले नाहीत तर उतरताना कानाच्या पडद्यावरचा दाब निघणार नाही आणि फायनलवर असह्य कळ येईल.

कार्बन मोनॉक्साइडची नशा न पिता चढते. लहान विमानाचा हीटर एक्झॉस्टच्या मफलरवरून गरम हवा केबिनमध्ये घेतो. मफलरला चीर पडली की धूर आत येतो, आणि या वायूला वास नसतो. जानेवारीच्या थंड सकाळी हीटर सुरू केल्यावर डोके दुखू लागले, मळमळले, विचार संथ झाले तर हीटर बंद, हवेचे सगळे झरोके उघडे, जवळच्या धावपट्टीवर उतरा. उतरल्यावर बरे वाटले तरी इस्पितळात जाऊन रक्त तपासा. साध्या हवेत हा वायू निम्मा जायला चार-पाच तास लागतात, शुद्ध ऑक्सिजनवर सुमारे दीड तास. पॅनेलवर चिकटवायचा रंग बदलणारा ठिपका स्वस्त मिळतो, पण त्याची मुदत संपते. चिकटवल्याची तारीख पेनाने त्यावरच लिहा.

आदल्या संध्याकाळपासून इंजिन सुरू होईपर्यंत

१. आदल्या दिवशी संध्याकाळी सहाला उड्डाणाची वेळ वहीत लिहा. तिथून मागे मोजा : शेवटचा मद्याचा घोट कधी, शेवटची गोळी कोणती आणि कधी, झोपायची वेळ किती. आठ तास झोप बसत नसेल तर सॉर्टी आत्ताच पुढे ढकला.

२. गेल्या पाच दिवसांत घेतलेली प्रत्येक गोळी, काढा, थेंब लिहा. नाव आठवत नसेल तर ते अनोळखी औषध धरा, आणि अनोळखी औषध म्हणजे उड्डाण नाही.

३. सकाळी उठल्यावर पाच गोष्टी स्वतःला मोठ्याने विचारा : आजारी आहे का, औषध चालू आहे का, मनावर ताण आहे का, झोप झाली का, खाल्ले का. मोठ्याने यासाठी की मनातल्या मनात आपण उत्तरे गिळतो. घरात भांडण, नात्यातला मृत्यू, परीक्षेचा निकाल हे सगळे ताणात धरा.

४. मशीनसमोर जाण्याआधी पंधरा-वीस मिनिटे माउथवॉश, सॅनिटायझर, तोंडात काहीही नको. साध्या पाण्याने चूळ भरा. मशीन आधी रिकामे फुंकून ०.००० दाखवते का पाहा, कॅलिब्रेशनची तारीख पाहा. फुंकताना मध्येच श्वास तोडू नका. पहिला आकडा पॉझिटिव्ह आला तर तोंड धुऊन थोड्या वेळाने दुसरी चाचणी मिळते. तीही पॉझिटिव्ह आली तर पहिल्या वेळी परवाना तीन महिन्यांसाठी निलंबित, दुसऱ्या वेळी तीन वर्षे, तिसऱ्या वेळी रद्द.

५. प्रीफ्लाइट (उड्डाणाआधीची विमानाची तपासणी) करताना स्वतःवर लक्ष ठेवा. इंधन टाकीचे झाकण लावले की नाही हे दोनदा पाहावे लागले, चेकलिस्टची ओळ हरवली, रेडिओची साधी फ्रीक्वेन्सी दोनदा विचारावी लागली, तर ही मेंदूची खबर आहे. चावी परत द्या.

ग्लायडरच्या विंच लाँचला (जमिनीवरच्या यंत्राने केबल ओढून ग्लायडर वर चढवताना) ही यादी विंच चालवणाऱ्यालाही लागू आहे, आणि सिग्नल देणाऱ्यालाही. केबल कमी उंचीवर तुटली तर नाक लगेच खाली दाबायचे असते. तिथे विचाराला वेळ नसतो, सरावलेला हात लागतो.

सांगायचे कसे

‘सर, मी आज उडण्याच्या स्थितीत नाही. सॉर्टी रद्द करा.’ एवढे वाक्य पुरते. कारण विचारले तर खरे सांगा, पण कारणावरून चर्चा होऊ देऊ नका. तासाचे पैसे, हवामानाची वाया जाणारी संधी, मागे राहण्याची भीती हे सगळे खरे आहे, आणि चांगला इन्स्ट्रक्टर ते ओळखून पुढची तारीख देतो.

उलट बाजू जास्त अवघड. इन्स्ट्रक्टरच्याच तोंडाला वास येतोय किंवा ते पेंगताहेत असे वाटले तर विमानात बसायच्या आधीच थांबा. ‘सर, आज तुम्हांला बरे दिसत नाही, मी तुमच्याबरोबर जाणार नाही’ असे नम्रपणे म्हणा आणि थेट मुख्य इन्स्ट्रक्टरकडे जा. मित्र असेल तर, ‘चावी दे, चल चहा घेऊ’ म्हणून आधी चावी हातात घ्या. वाद नंतर. तक्रार केल्याने त्याचे करिअर बुडेल असे वाटते. पण व्यसन असेल तर उपचाराची वाट उघडी असते. डॉ. अनिता आणि डॉ. अनिल अवचट यांनी १९८६ मध्ये सुरू केलेले मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र पुण्यातच आहे. डीजीसीएच्या नियमांतही नशेच्या पदार्थांसाठी पॉझिटिव्ह आलेल्याला व्यसनमुक्तीसाठी पाठवण्याची तरतूद आहे.

हवेत गेल्यावर लक्षात आले तर? विमान सरळ आणि समतल करा, ट्रिम लावा, उंची सोडू नका. रेडिओवर स्पष्ट सांगा, ‘पॅन पॅन’ (तातडीची मदत हवी असल्याचा इशारा) म्हणायला लाजू नका. सर्किट मोठे घ्या, फायनल लांब घ्या, म्हणजे कमी उंचीवर घट्ट वळण लागणारच नाही. शेजारी कोणी असेल तर त्याला वेग आणि उंची मोठ्याने वाचायला सांगा. इन्स्ट्रक्टर सुस्त झाले तर ‘सर, आय हॅव कंट्रोल’ असे ठामपणे म्हणा आणि उत्तर आले नाही तरी कंट्रोल घ्या.

आजारपण किंवा औषध संपल्यावर पहिली सॉर्टी सोलो नको. इन्स्ट्रक्टरबरोबर उंचावर एक स्टॉल आणि त्यातून सावरणे, मग तीन सर्किट, त्यांतले एक मुद्दाम गो-अराउंडचे. तिन्ही वेळा बेसवरून फायनलला वळताना बँक ३० अंशांच्या आत राहिली आणि पॅनेलवरचा घसरण दाखवणारा चेंडू मधोमध राहिला, तरच सोलोच्या पानावर सही मागा.